तुपातलं विड्याचं पान आणि बाटलीतला जांभळा रंग: पानांच्या अर्कांच्या अँटिऑक्सिडंट गुणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की माझ्याकडे तीन झाडं हमखास येतात: शेवगा, कढीपत्ता आणि पेरू. मुलांचे प्रश्न रीडिंगबद्दल असतात. त्याच आठवड्यात सोसायटीतले काका-काकू विचारतात, की शेवग्याची पूड रोज किती चमचे घ्यायची. दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत, म्हणून उत्तरंही एकत्रच लिहिली आहेत. विद्यार्थ्यांनी मधला भाग सावकाश वाचावा. बाकीच्यांनी तो ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नक्की काय?

तूप खवट होतं ते आठवा. तुपातल्या स्निग्धाम्लांवर हवेतल्या ऑक्सिजनचा हल्ला होतो, त्यातून एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेला अस्थिर रेणू तयार होतो. यालाच फ्री रॅडिकल म्हणतात, पाठ्यपुस्तकात मुक्त मूलक. तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो आणि स्वतः शांत होतो, पण शेजारी आता रॅडिकल झालेला असतो. तो त्याच्या शेजाऱ्याला धरतो. अशी साखळी चालत राहते आणि शेवटी तो ओळखीचा खवट वास येतो.

अँटिऑक्सिडंट हा या साखळीत मध्ये उभा राहून आपला हायड्रोजन देऊन टाकणारा रेणू. देऊन झाल्यावर तो स्वतःही रॅडिकल होतो, पण त्याची रचना अशी असते की सुटा इलेक्ट्रॉन रेणूतल्या अणूंच्या सगळ्या वलयावर पसरतो. त्यामुळे पुढे कुणाला त्रास न देता तो तिथेच थांबतो. पानांतले फिनॉल गटाचे बहुतेक पदार्थ असंच काम करतात.

दुसरी तऱ्हा आहे धातू धरून ठेवण्याची. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, कारण त्यातली टॅनिन वर्गातली द्रव्यं लोहाला चिकटतात. मोकळं लोह हे रॅडिकल तयार करणारं मोठं निमित्त असतं, त्यामुळे ते बांधून ठेवणं हेही अँटिऑक्सिडंटचंच काम. पेरूच्या पानांचा काढा लोखंडी भांड्यात करून पाहा, तोही शाईसारखा होतो.

ही द्रव्यं पानांतच एवढी का असतात?

कारण पान दिवसभर उन्हात उभं असतं आणि स्वतःच ऑक्सिजन तयार करत असतं. जितका प्रकाश वापरता येतो त्यापेक्षा जास्त आला, की हरितद्रव्याजवळ ऑक्सिजनची उग्र रूपं तयार होतात. त्यांना आवरायला पानाकडे कॅरोटिनॉइड, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व असतं. वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड असतात, ते अतिनील किरण गाळतात. टॅनिन मुख्यतः किडींनी पान खाऊ नये म्हणून. आपल्या तब्येतीसाठी झाडाने यातलं काहीही केलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे बरेच गैरसमज टळतात.

यातून एक व्यावहारिक गोष्टही निघते. एकाच झाडाचं उन्हातलं पान आणि आतलं सावलीतलं पान सारखं नसतं. कोवळं आणि जून, पावसाळ्यातलं आणि एप्रिलमधलं, यांतही फरक पडतो. म्हणून वहीत नुसतं ‘पेरूची पाने’ लिहू नका. तारीख, जागा आणि फांदीवरची कितवी पानं घेतली तेही लिहा.

आपल्याकडच्या कोणत्या पानांत काय सापडतं?

शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल या फ्लॅव्होनॉइडांची शर्करायुक्त रूपं, क्लोरोजेनिक आम्ल आणि ताज्या पाल्यात भरपूर क जीवनसत्त्व. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला या पाल्याची, तिथल्या भाषेत शेगलाची, भाजी होते. कढीपत्त्याची गंमत वेगळी. त्यात कार्बाझोल अल्कलॉइड नावाचा गट आहे, महानिंबिन हा त्यातलाच. ही द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात, त्यामुळे फोडणी हाही एक अर्कच म्हणायचा. पेरूच्या पानांत क्वेर्सेटिनची रूपं आणि टॅनिन, आंब्याच्या पानांत मँजिफेरिन, तुळशीत युजेनॉल आणि रोझमॅरिनिक आम्ल. विड्याच्या पानात हायड्रॉक्सीचॅविकॉल आणि युजेनॉलच्या कुळातली सुगंधी फिनॉलं.

‘अर्क’ आणि ‘काढा’ एकच का?

काढा म्हणजे पाण्यात उकळून काढलेला अर्क. रसात पाण्याबरोबर एन्झाइमही असतात, त्यामुळे तो पटकन काळवंडतो. प्रयोगशाळेत ‘अर्क’ म्हणतो तेव्हा विद्रावक, म्हणजे पानातली द्रव्यं ओढून घेणारा द्रव, उडवून मागे राहिलेला घट्ट, चिकट, बहुधा गडद हिरवा पदार्थ अभिप्रेत असतो. त्याचं वजन करून टक्केवारी काढायची. दहा ग्रॅम पुडीतून दीड ग्रॅम अर्क मिळाला तर उतारा १५ टक्के.

पाला उन्हात वाळवला तर काय बिघडतं?

पान खुडलं तरी त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. पान चुरगळलं किंवा हळूहळू सुकलं, की आतला पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचा एन्झाइम आणि फिनॉल द्रव्यं एकत्र येतात आणि पान तपकिरी पडतं. काळा चहा मुद्दाम असाच करतात. ग्रीन टीमध्ये पानं आधी वाफवून किंवा कढईत गरम करून हा एन्झाइम मारून टाकतात, म्हणून तो हिरवा राहतो.

प्रकल्पासाठी साधा नियम: पानं धुऊन, पाणी पूर्ण निथळून, सावलीत एकेरी थरात पसरायची, वर वारा खेळता हवा. ओव्हन असेल तर ४० अंशांच्या आसपास. पावसाळ्यात सावलीत वाळवायला ठेवलेल्या पाल्याला तिसऱ्या दिवशी बुरशी येते, हा दरवर्षीचा अनुभव आहे. बुरशी आलेली पानं निवडून बाकीची वापरू नका, सगळा ढीग फेकून द्या.

मिथेनॉल, इथेनॉल की पाणी?

शोधनिबंधांत मिथेनॉल फार दिसतं, कारण ते फिनॉल द्रव्यं छान ओढतं आणि लवकर उडतं. पण ते विष आहे. मिथेनॉलचा अर्क तोंडात घालायचा नाही, हातावर चोळायचा नाही, आणि त्याच्या आकड्यांवरून खाण्याच्या पदार्थाबद्दल बोलायचंही नाही. मी मुलांना ७० टक्के इथेनॉल घ्यायला सांगते. त्यात पाणीही असल्यामुळे शर्करा जोडलेले फ्लॅव्होनॉइड बऱ्यापैकी उतरतात. घरी काढा पिणाऱ्यांबद्दल काही म्हणायचं असेल तर पाण्याचाच अर्क करा.

सॉक्सलेट उपकरण दिसायला भारदस्त, पण पानं आणि अर्क तासन्‌तास गरम राहतात. फ्रांत्स फॉन सॉक्सलेट यांनी ते १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजण्यासाठी केलं होतं, नाजूक पानांसाठी नव्हे. दहा ग्रॅम पूड १०० मिलिलिटर विद्रावकात शेकरवर २४ तास ठेवून गाळली तरी काम होतं.

डीपीपीएच चाचणी म्हणजे काय, आणि सगळे तीच का करतात?

डीपीपीएच हा दुर्मीळ स्वभावाचा रेणू आहे: रॅडिकल असूनही बाटलीत स्थिर राहतो. तो १९२२ पासून माहीत आहे, आणि १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी त्याचा वापर करून अँटिऑक्सिडंट मोजण्याची रीत मांडली. मिथेनॉलमध्ये त्याचा रंग गर्द जांभळा असतो आणि तो ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. अर्काने त्याला हायड्रोजन दिला की रंग उतरतो आणि पिवळा राहतो. जांभळा किती उतरला ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचं. स्वस्त, अर्ध्या तासाची, डोळ्यांनाही दिसणारी चाचणी. लोकप्रिय व्हायला आणखी काय लागतं?

०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच. द्रावण त्याच दिवशी करायचं, बाटलीला फॉइल गुंडाळायचं. तीन मिलिलिटर द्रावणात एक मिलिलिटर अर्क, नीट हलवून ३० मिनिटं अंधारात. कंट्रोलमध्ये अर्काऐवजी तेवढंच विद्रावक.

समजा कंट्रोलचं रीडिंग ०.८२० आणि नमुन्याचं ०.३१० आलं. फरक ०.५१०, त्याला ०.८२० ने भागून शंभराने गुणलं की ६२.२ टक्के. म्हणजे त्या तीव्रतेला, द्रावणातल्या अर्काच्या तेवढ्या प्रमाणाला, अर्काने ६२.२ टक्के रॅडिकल शांत केले. बस, गणित एवढंच आहे.

आयसी-५० कमी आला तर अर्क वाईट का?

उलट. निम्मे रॅडिकल शांत करायला किती अर्क लागला, तो आकडा म्हणजे आयसी-५०. कमी लागला तर अर्क जोरदार. तोंडी परीक्षेत निम्मी मुलं इथेच घसरतात.

पाच-सहा तीव्रता घ्या, प्रत्येकीची तीन रीडिंग, आणि ५० टक्के हा बिंदू तुमच्या मोजलेल्या आकड्यांच्या मध्ये पडला पाहिजे. सर्वांत जास्त तीव्रतेलाही ३५ टक्केच उतार आला असताना रेष ओढून आयसी-५० ‘काढलेला’ मी पाहिला आहे. तो आकडा मोजलेला नसतो, कल्पलेला असतो.

आणि दुसऱ्याच्या निबंधातल्या आकड्याशी आपला आकडा थेट ताडू नका. आयसी-५० हा डीपीपीएच किती घेतलं, किती वेळ थांबलात, विद्रावक कोणतं होतं, यांवर बदलतो. त्याच दिवशी, त्याच द्रावणात क जीवनसत्त्वाचं किंवा ट्रोलॉक्सचं (ई जीवनसत्त्वासारख्या द्रव्याचं) स्टँडर्ड चालवा आणि तुलना त्याच्याशी करा. क जीवनसत्त्वाची क्रिया जवळजवळ लगेच संपते, काही पॉलिफिनॉल मात्र अर्ध्या तासानंतरही काम करत असतात. तीस मिनिटं ही सोयीची रूढी आहे, निसर्गनियम नाही.

माझा अर्कच हिरवागार आहे. त्याने रीडिंग बिघडत नाही का?

बिघडतं. हरितद्रव्याचा मुख्य भार ५१७ पासून दूर, निळ्या आणि तांबड्या भागात असतो, पण दाट अर्कात थोडा वाटा इथेही येतो. कॅरोटिनॉइड आणि लाल पानांतले अँथोसायनिन तर याच भागाच्या आसपास शोषतात. उपाय सोपा: प्रत्येक तीव्रतेसाठी डीपीपीएच न घातलेली अर्काची वेगळी नळी ठेवायची आणि तिचं रीडिंग वजा करायचं. हा ब्लँक न लावल्यामुळे चांगले अर्कही कमजोर दिसतात, आणि जास्त तीव्रतेला आलेख मध्येच खाली वळतो. मग विद्यार्थी त्यामागे जीवशास्त्रीय कारण शोधत बसतो.

एका चाचणीवर भागेल का?

नाही. निदान एक वेगळ्या तत्त्वावरची हवी. एफआरएपी ही बेन्झी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये दिलेली चाचणी लोहाला इलेक्ट्रॉन देण्याची ताकद मोजते: ३.६ पीएच, निळा रंग, ५९३ नॅनोमीटर. एबीटीएस पाणी आणि अल्कोहोल दोन्हींत चालते, त्यामुळे काढ्यासाठी सोयीची. तिचं निळसर हिरवं द्रावण मात्र आदल्या दिवशीच पर्सल्फेट घालून ठेवावं लागतं.

एकूण फिनॉल मोजायला फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक वापरतात आणि उत्तर गॅलिक आम्लाच्या तुलनेत देतात. हा अभिकर्मक १९२७ मध्ये मुळात प्रथिनांतली टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला केलेला. तो क जीवनसत्त्वाला आणि काही साखरांनाही रंग देतो. शेवग्याच्या ताज्या पाल्यात क जीवनसत्त्व भरपूर, हे वर आलंच आहे. तेव्हा ‘फिनॉल इतके मिलिग्रॅम’ लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा.

झाडाची ओळख पटवून घेणं खरंच गरजेचं आहे? कढीपत्ता कोण ओळखत नाही!

कढीपत्ता ओळखाल, पण रानातून आणलेलं ‘आजीने सांगितलेलं’ पान? एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन झाडं निघतात. फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून वाळवा आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी ओळख पटवून घ्या. नुसती पानं नेलीत तर परत पाठवतील, आणि बरोबरच करतील.

प्रयोगशाळेत इतका जोर दाखवणारा अर्क शरीरातही तेवढंच काम करतो का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर: असं गृहीत धरता येत नाही.

चाचणीतलं डीपीपीएच हे रॅडिकल आपल्या शरीरात नसतं. कुव्हेटमध्ये, म्हणजे चाचणीच्या छोट्या पारदर्शक नळीत, अर्क आणि रॅडिकल समोरासमोर असतात, मध्ये आतडं आणि यकृत नसतं. क्वेर्सेटिन खाल्लं तर त्याचा थोडाच भाग शोषला जातो. जो शोषला जातो त्याला आतड्याची भिंत आणि यकृत सल्फेट किंवा ग्लुकुरोनेट जोडून बदलून टाकतात. रक्तात पोचतं ते फार कमी, थोडा वेळ, आणि बदललेल्या रूपात.

सफरचंदाचं उदाहरण मला फार आवडतं. सफरचंदं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, हे मोजलं गेलं होतं आणि श्रेय अर्थातच फ्लॅव्होनॉइडना मिळालं होतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं, की ही वाढ फळातल्या फ्रुक्टोजमुळे रक्तात वाढलेल्या युरिक आम्लाची होती. म्हणजे मोजमाप बरोबर, अर्थ चुकीचा.

गोळ्यांचा इतिहास याहून गंभीर आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण कमी झालं नाही, उलट १८ टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेतली तशीच दुसरी मोठी चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची स्वतःची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. हे आकडे आरोग्यावरच्या परिणामाबद्दल काही सांगत नाहीत आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असं कारण दिलं.

मग पालेभाज्या निरुपयोगी? मुळीच नाही. त्यांत तंतू आहेत, फोलेट आहे, खनिजं आहेत. काही वनस्पतिद्रव्यं शरीराच्या स्वतःच्या संरक्षक एन्झाइमना जागं करतात, असाही अभ्यासाचा एक मोठा प्रवाह आहे. फक्त कुव्हेटमधल्या ६२.२ टक्क्यांवरून तिथे थेट उडी मारता येत नाही. प्रबंधाच्या शेवटी ‘म्हणून हा अर्क कर्करोग व मधुमेहावर उपयुक्त’ असं वाक्य आलं, की मी लाल पेन काढते.

तरी पण, शेवग्याची पूड रोज घ्यावी का?

भाजी खा, थालीपिठात पाला घाला, वरणात घाला. खाण्याच्या प्रमाणात तो चांगला आहे. कॅप्सूल आणि दाट अर्क ही वेगळी गोष्ट. ग्रीन टी शतकानुशतकं प्यायला जातो, पण त्याच्याच अर्काच्या गोळ्यांबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की ईजीसीजी हा घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताची एन्झाइम वाढलेली दिसतात. पेला आणि गोळी यांत मात्रेचा फरक असतो.

वॉरफेरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर हिरव्या पाल्याचं प्रमाण एकदम वाढवू नका, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर चहा किंवा तुरट काढा टाळा. आवळ्याची काळी कढई आठवा, पोटातही लोह तसंच बांधलं जातं. गरोदरपणात किंवा मधुमेहाची औषधं चालू असताना आधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त, मधुमेह बरा करते’ लिहिलेलं असतं. चालतं का?

नाही. अन्नपदार्थाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि मधुमेहासह ठरावीक आजारांवरच्या उपायांच्या जाहिरातीला १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदाही आड येतो.

मग पानांच्या अर्काचा पक्का उपयोग कुठे?

बरणीत. जिथे तेल किंवा तूप आहे, हवा आहे आणि मध्ये यकृत नाही, तिथे कुव्हेटमधलं रसायनशास्त्र बऱ्याच अंशी तसंच चालतं. रोझमेरीच्या पानांचा अर्क युरोपात ई-३९२ या क्रमांकाने अन्नात घालायला मान्य आहे. त्यातलं कार्नोसिक आम्ल तेलाला खवट होण्यापासून सांभाळतं, टीबीएचक्यूसारख्या कृत्रिम पदार्थाऐवजी ते वापरता येतं.

आणि आपल्याकडे? लोणी कढवताना त्यात विड्याचं पान टाकायची रीत कित्येक घरांत आहे, कुठे तुळशीचं तर कुठे कढीपत्त्याचं. माझी आई याला ‘तूप रवाळ होतं आणि वास टिकतो’ एवढंच कारण द्यायची. रवाळपणाचं श्रेय मी पानाला देणार नाही, ते तूप निवण्याच्या वेगावर असतं. पण वास टिकतो हे खरं. विड्याच्या आणि कढीपत्त्याच्या पानांनी तुपातली पेरॉक्साइडची, म्हणजे खवटपणाच्या खुणेची, वाढ मंदावते, हे भारतातल्या दुग्धशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच तपासलं होतं. पानातली सुगंधी फिनॉलं गरम तुपात उतरतात, पान गाळून निघतं, द्रव्यं मागे राहतात.

हे घरी किंवा शाळेत तपासून बघता येईल?

येईल, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर लागत नाही. एकाच दिवशीचं लोणी दोन भागांत कढवा, आच सारखी ठेवा. एका भागात तूप होत येताना विड्याचं एक पान धुऊन, पूर्ण पुसून टाका. पाण्याचा थेंब राहिला तर तूप उडेल. दोन्ही गाळून, सारख्या कोरड्या काचेच्या बाटल्यांत निम्म्यापर्यंत भरा, म्हणजे वर हवा राहील. झाकणाखाली अ आणि ब असं लिहा, कोणतं कोणाचं ते फक्त एकाच माणसाला माहीत असू द्या. बाटल्या एकाच फळीवर, ओट्याजवळच्या उबदार जागी ठेवा.

दर पंधरा दिवसांनी घरातल्या तिघा-चौघांना वास द्या आणि ‘ताजं, बरं, खवट’ यांपैकी एक शब्द वहीत लिहून घ्या. विड्याच्या पानाचा स्वतःचा वास सुरुवातीला बाटली ओळखू देतो, ही या प्रयोगातली खोट आहे. म्हणून पहिल्या महिन्याचे शब्द बाजूला ठेवा आणि तिसऱ्या महिन्यापासूनचे मोजा. आजीला मात्र बाटली हातात देण्याआधी झाकण उलटं करून बघू देऊ नका.